फळा कोणाचा?



 कॉलेजात विद्यार्थी म्हणून मी कधी गेलो नाही. दहावीनंतर लेथवर उभा राहिलो, पुढे संघटनेच्या कामात पडलो. आणि माझे उरलेले शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, कारखान्याच्या फाटकापाशी व लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा ठेकेदारी असे काही उत्तर येईल अशी त्यांची समजूत असावी. मी कळवले की, विद्यापीठांसाठी शिक्षणाची यंत्रणा बांधणाऱ्या वेब डेव्हलपरविषयी बोलेन. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली! तुमच्याही मनात तोच प्रश्न असेल, म्हणून आरंभीच सांगतो की, मी विषय बदललेला नाही. हत्यार कोणी घडवले, ते कोणाच्या मालकीचे झाले आणि त्यावर राबणाऱ्याच्या हाती काय उरले, हाच माझा नेहमीचा विषय आहे. आज कारखाना तेवढा निराळा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. तुमच्या घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिने मोबाईलवर नाव आणि पासवर्ड घालून आपला वर्ग उघडलेला तुम्ही पाहिला असेल. तेथे प्राध्यापकांच्या टिपणी असतात, गृहपाठ तेथेच द्यायचा असतो, चाचणी तेथेच होते, गुण तेथेच कळतात आणि शंका विचारायची तर तीही तेथेच. फळा, हजेरीपट, नोटीस बोर्ड, परीक्षेचा हॉल आणि वर्गाबाहेरचा कट्टा या पाच वस्तू एका ठिकाणी आणलेली ही यंत्रणा आहे. १९९० नंतरच्या दशकात ती इंटरनेटवर आली. आणि २०२० च्या मार्च महिन्यात साथीमुळे शाळा-कॉलेजे बंद झाली, तेव्हा जगातल्या कोट्यवधी मुलांना याच दारातून वर्गात शिरावे लागले. ज्यांच्या घरी फोन नव्हता ती मुले दाराबाहेरच राहिली, हेही विसरू नये.

आता हे दार कोणी बांधले? इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते, गवंड्याचे नसते. तरी या क्षेत्रातल्या एका गवंड्याचे नाव जगाला ठाऊक आहे, आणि त्याच्या कारकिर्दीवरून मला जे सांगायचे ते नीट सांगता येईल.

त्याचे नाव मार्टिन डुगियामास. जन्म १९६९ चा. बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात गेले. तेथे वस्ती इतकी विरळ की जवळपास शाळा नाही. अशा मुलांसाठी ऑस्ट्रेलियात एक व्यवस्था आहे, तिला आकाशशाळा म्हणावे. १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज या गावी ती प्रथम सुरू झाली. त्या भागात विमानातून रोग्यांकडे जाणारे डॉक्टर होते आणि त्यांना हाक मारता यावी म्हणून दूरदूरच्या घरांत रेडिओयंत्रे बसवलेली होती. मुळात ही यंत्रे सायकलसारखे पायंडल मारून वीज निर्माण करीत. डॉक्टरला बोलवायच्या याच यंत्रावरून शिक्षक शिकवू लागले. शेकडो मैलांवरचे एकेक पोर आपापल्या घरात बसून शिक्षकाचा आवाज ऐके, आणि महत्त्वाचे म्हणजे उत्तरही देई. ते उत्तर बाकीची मुलेही ऐकत. मार्टिन हा या आकाशशाळेचा विद्यार्थी. वर्ग म्हणजे चार भिंती नव्हेत, वर्ग म्हणजे एकमेकांना ऐकू येणे, ही गोष्ट त्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

पुढे तो पर्थ शहरातल्या कर्टिन विद्यापीठात नोकरीला लागला आणि तेथल्या वेबसाइटांचे काम पाहू लागला. त्या विद्यापीठाने अभ्यासक्रम इंटरनेटवर नेण्यासाठी वेबसीटी नावाची यंत्रणा घेतली होती. ती चालू ठेवण्याची जबाबदारी याच्याकडे होती.

या वेबसीटीचीही हकीकत ऐकण्यासारखी आहे. कॅनडात व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग नावाचे संगणकाचे अध्यापक होते. १९९५ च्या सुमारास त्यांनी एक प्रयोग केला. एकच विषय काही विद्यार्थ्यांना नेहमीसारखा व्याख्यानांनी शिकवला, काहींना केवळ इंटरनेटवरून, तर काहींना दोन्ही मिळून. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. मास्तर काढून टाकून यंत्र बसवा, असा निष्कर्ष या प्रयोगातून निघत नव्हता, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे. प्रयोग करताना गोल्डबर्गांना दिसले की, वेळ जातो तो धडे लिहिण्यात नव्हे; चाचणी, गुणपत्रक, चर्चेची जागा ही सामग्री उभी करण्यात जातो. तेव्हा इतर शिक्षकांना ती पुन्हा पुन्हा घडवावी लागू नये म्हणून त्यांनी तिची तयार पेटीच बनवली. ती वेबसीटी. १९९६ साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी ती जगापुढे मांडली. मागणी वाढली, कंपनी निघाली, आणि १९९९ साली ती एका अमेरिकी कंपनीच्या ताब्यात गेली.

इकडे पर्थला मार्टिन ही यंत्रणा चालवीत होता. शिक्षक येऊन सांगत, येथे जरा असा बदल हवा. बदल करणे त्याला येत होते. पण यंत्रणेचे पोट कुलूपबंद होते. कंपनीला कळवायचे आणि वाट पाहायची. मंडळी, लेथवर काम केलेल्या माणसाला हा अनुभव सांगावा लागत नाही. यंत्राचा आवाज बदलला की दोष कोठे आहे ते कारागिराला कळते. पण झाकण उघडण्याचा अधिकार त्याला नसतो. असा माणूस एक तर मुकाट्याने महिना भरतो, नाही तर आपले यंत्र आपण बनवतो. मार्टिनने दुसरे केले. त्याने नोकरीबरोबर शिक्षणशास्त्राचा अभ्यास सुरू केला, १९९९ पासून लहान लहान नमुने बनवून वर्गात लावून पाहिले, आणि २० ऑगस्ट २००२ रोजी आपल्या यंत्रणेची पहिली पूर्ण आवृत्ती जगाला दिली. तिचे नाव मूडल.

या मूडलच्या घडणीत एक विचार आहे. माणूस नुसते ऐकून शिकत नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही घडवताना तो शिकतो, असा तो विचार. म्हणून तीत चर्चेच्या जागेला मान आहे, विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम तपासायची सोय आहे, सर्वांनी मिळून एक पान लिहायची सोय आहे. शिक्षणशास्त्रात या विचाराला भारदस्त नाव आहे. माझ्यापुरते सांगायचे तर वेतन कराराची कलमे मी एकटा वाचीत होतो तोवर मला अर्धीच कळत. जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी चार माणसांना समजावून सांगू लागलो तेव्हा ती पुरी कळली. तेव्हा हा विचार मला पटायला अडचण पडली नाही.

पण मूडल मोठे झाले ते या विचाराइतकेच त्याच्या परवान्यामुळे. संगणकाच्या जगात रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून १९८९ साली एक परवाना निघाला, तो जीपीएल या नावाने ओळखला जातो. मी आयुष्यभर करारच वाचीत आलो, म्हणून हाही वाचला. त्याचा सारांश असा. हे सॉफ्टवेअर कोणीही वापरावे. उघडून पाहावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. अट एकच: बदललेली वस्तू तुम्ही पुढे वाटाल, तर घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क दिले पाहिजेत. पाणवठा सर्वांचा, तुम्ही त्याला पायऱ्या बांधा, रहाट बसवा, पण भोवती कुंपण घालू नका. मार्टिनने आपली यंत्रणा या परवान्याखाली दिली. आज जगातल्या बहुतेक देशांत ती चालते. तिची नोंद झालेली संकेतस्थळे लाखाच्या वर आहेत. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतले विद्यार्थी मूडलवर गृहपाठ देतात, आणि अनेक लहान कॉलेजांनीही ते बसवले आहे. खुद्द कर्टिन विद्यापीठ मात्र पुढे बरीच वर्षे एका कंपनीची विकतची यंत्रणा वापरीत राहिले. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण ऑस्ट्रेलियातही खरी ठरली म्हणायची!

त्या कंपनीचे नाव ब्लॅकबोर्ड, म्हणजे काळा फळा. माझ्या व्याख्यानाचे नाव येथून आले. १९९७ साली अमेरिकेत ती निघाली. २००५ च्या ऑक्टोबरात तिने वेबसीटी विकत घेण्याचे जाहीर केले आणि २००६ च्या फेब्रुवारीत सुमारे १८ कोटी डॉलरांना तो व्यवहार पुरा झाला. पुढे वेबसीटी हे नावही बंद झाले. ज्या शिक्षकांनी त्यात वर्षानुवर्षे धडे मांडले होते, त्यांना मालक बदलला तसे घर बदलावे लागले. भाडेकरूला नोटीस यावी तसेच हे झाले.

त्याच सुमारास आणखी एक प्रकार घडला. १७ जानेवारी २००६ रोजी ब्लॅकबोर्डला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. त्यातला एक दावा थोडक्यात असा होता की, एकाच नावाने आत शिरलेला माणूस एका वर्गात शिक्षक आणि दुसऱ्या वर्गात विद्यार्थी असू शकतो, ही इंटरनेटवरची योजना आमची. २६ जुलै २००६ रोजी कंपनीने कॅनडातील डिझायर-टू-लर्न या लहान प्रतिस्पर्ध्यावर टेक्सासच्या न्यायालयात फिर्याद ठोकली. जगभरच्या विद्यापीठांत खळबळ उडाली. आज त्याच्यावर, उद्या आपल्यावर! मुंग्यांनी वारूळ बांधावे आणि नागोबाने येऊन सातबारा दाखवावा, असे ते झाले.

पुढे जे घडले ते कामगार चळवळीतल्या माणसाला ओळखीचे वाटेल. पेटंटच्या कायद्यात एक तत्त्व आहे: जी गोष्ट आधीच लोकांत होती, तिच्यावर नंतर आलेल्याला हक्क सांगता येत नाही. तेव्हा हा पुरावा गोळा करणे हे काम झाले. हुकूम कोणी दिला नाही. निरनिराळ्या देशांतले शिक्षक, ग्रंथपाल आणि वेब डेव्हलपर आपापले जुने कागद शोधू लागले, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये विकिपीडियावर या यंत्रणांच्या इतिहासाचे एक पान त्यांनी मिळून उभे केले. त्यात मागे मागे जाताना इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या यंत्रणेपर्यंत लोक पोहोचले. डोनाल्ड बिट्झर यांनी ती १९६० साली सुरू केली होती. म्हणजे ब्लॅकबोर्ड कंपनी जन्माला येण्याच्या सदतीस वर्षे आधी संगणकावर धडे दिले जात होते. आणि १९७३ मध्ये डेव्हिड वूली नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने प्लेटोवर चर्चेची जागा लिहूनही दिली होती. मूडल, साकाई आणि एटूटर या तीन खुल्या यंत्रणांच्या वतीने २००६ च्या नोव्हेंबरात पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज गेला. २००७ च्या फेब्रुवारीत कंपनीने जाहीर वचन दिले की, खुल्या यंत्रणांविरुद्ध हे पेटंट वापरणार नाही.

खटला मात्र चालू राहिला. २००८ मध्ये टेक्सासच्या ज्युरीने लहान कंपनीला सुमारे ३१ लाख डॉलरांची नुकसानभरपाई द्यायला सांगितले. वरच्या न्यायालयात २७ जुलै २००९ रोजी निकाल फिरला आणि वादातले दावे रद्द ठरले. त्या वर्षाच्या डिसेंबरात उभयतांत तडजोड झाली. तीन वर्षे गेली. पण जमातीच्या आठवणीत काय होते याचा लेखी पुरावा निघाला, म्हणून पाणवठा वाचला. संघटनेच्या कचेरीत जुन्या फायली का जपाव्यात, असे तरुण कार्यकर्ते मला विचारतात. त्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

याला एक पुरवणी आहे. २०१२ च्या मार्चमध्ये ब्लॅकबोर्डने मूडलची सेवा देणाऱ्या दोन कंपन्या विकत घेतल्या. वेबसीटी घेतली तेव्हा वेबसीटी संपली. या वेळी मात्र मूडल संपले नाही. दुकाने विकली गेली, पाणवठा विकला गेला नाही. कारण परवान्याप्रमाणे त्याभोवती कुंपण घालण्याचा अधिकारच कोणाला उरला नव्हता. एक कागद काय करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे खुले सॉफ्टवेअर घेतले की प्रश्न सुटला. तसे नाही. वस्तू फुकट असली तरी ती चालवणारी माणसे फुकट नसतात. मूडललाही पगार द्यावे लागतात. त्यासाठी त्याचे नाव वापरून सेवा देणाऱ्या कंपन्या आपल्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा मूळ संस्थेला देतात. २००४ साली मिशिगन, इंडियाना, एमआयटी आणि स्टॅनफर्ड या चार विद्यापीठांनी आपले डेव्हलपर एकत्र आणून साकाई ही यंत्रणा उभारली. आपल्याकडे शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने काढले त्याच जातीचा हा प्रयत्न. आणि सहकारी कारखान्याचे जे होते तेच येथेही होते: सभासदांनी लक्ष घातले तर तो त्यांचा, नाही तर नावापुरता.

शिवाय हत्यार कोणाचे, एवढ्याने हत्याराखालच्या माणसाचा प्रश्न मिटत नाही. या यंत्रणेत कोणी किती वाजता काय उघडले, किती मिनिटे वाचले, याची आपोआप नोंद होते. विद्यार्थ्याला अडले कोठे हे समजायला ती उपयोगी आहे. तीच नोंद प्राध्यापकाच्या कामाचे मोजमाप म्हणून व्यवस्थापनाच्या टेबलावर गेली, तर ती टाइम-स्टडी करणाऱ्याच्या हातातले घड्याळ होते. हे घड्याळ आम्ही कारखान्यात पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट ध्वनिचित्रित व्याख्यानांची. डेव्हिड नोबल नावाचे एक इतिहासकार होऊन गेले. २०१० मध्ये ते वारले. १९८४ साली त्यांनी लेथ आणि मिलिंगची यंत्रे आकड्यांवर चालवण्याची पद्धत कशी आली यावर मोठा ग्रंथ लिहिला. कारागिराच्या हाताची हालचाल टेपवर टिपून यंत्राकडून ती पुन्हा करून घेण्याची एक पद्धत अमेरिकेत निघाली होती. तीत कसब कारागिराचेच राहत होते. ती मागे पडली आणि कसब कारागिराकडून कचेरीत नेणारी दुसरी पद्धत पुढे आली. हे आपोआप घडले नाही, निवडून घडवले गेले, असे त्यांचे प्रतिपादन. हेच नोबल पुढे टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात शिकवीत असताना १९९७ साली तेथे प्राध्यापकांचा संप झाला. तो सुमारे दोन महिने चालला. त्या संपातून झालेल्या करारात असे संरक्षण मिळाले की, शिकवण्यात यंत्रणेचा वापर व्यवस्थापनाने शिक्षकावर लादू नये. प्राध्यापक मंडळी संपावर गेली ती यंत्राविरुद्ध नव्हे. यंत्र केव्हा आणि कसे वापरायचे हे वर्गात उभा राहणारा ठरवील, हे कलम त्यांनी मिळवले.

ते किती दूरदृष्टीचे होते हे २०२१ च्या जानेवारीत कळले. माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठात एक विद्यार्थी कलेतिहासाचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून शिकत होता. व्याख्याने त्याला आवडली. प्राध्यापकांना पत्र लिहावे म्हणून तो त्यांचा पत्ता शोधू लागला, तेव्हा त्याला कळले की ते २०१९ मध्येच वारले आहेत. दुसरे शिक्षक वर्ग सांभाळीत होते हे खरे. परंतु पडद्यावर शिकवीत होता तो दिवंगत माणूस. मंडळी, माणूस मेला की हजेरीपटावरून त्याचे नाव काढतात. येथे हजेरी लागत राहिली.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम पाहा. नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक हा नोकरी देणारा असतो. विरुद्ध करार असेल तर मात्र नाही. गंमत अशी की, जाहीर सभेतील भाषणाचा पहिला मालक त्याच कलमाप्रमाणे वक्ता असतो. म्हणजे आज मी येथे जे बोलत आहे ते माझे. परंतु एखाद्या प्राध्यापिकेने वीस वर्षांच्या अभ्यासातून रचलेली व्याख्याने तिने कॉलेजसाठी यंत्रणेवर चढवली की, ती कोणाची यावर वाद उभा राहू शकतो. उपाय कलमातच आहे: विरुद्ध करार. तो करून घेणे हे संघटनेचे काम.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला त्या माणसाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात ही यंत्रणा सांभाळणारा एक तरुण आमच्या कचेरीत आला. नाव-गाव सांगत नाही. तो अकरा महिन्यांच्या करारावर होता. अकरा महिने झाले की एक महिना खाडा, मग पुन्हा नवा करार. असे त्याचे सहा करार झाले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री सर्व्हर बसला तर उठवायचे काम त्याचे. निकालाच्या दिवशी हजारो मुले एकदम आत शिरली तर तोल सांभाळायचे काम त्याचे. अंध विद्यार्थ्याला पान वाचून दाखवता यावे म्हणून चित्राखाली शब्द लिहिणे हेही त्याचे. यंत्रणा चालली तर संस्थेचे नाव, आणि थांबली तर त्याचा फोन! त्याने मला विचारले, "दादा, मी कामगार आहे का? सगळे मला इंजिनिअर म्हणतात."

मी त्याला कायदा दाखवला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम हा शब्द होता; त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्योग या शब्दाचा अर्थ इतका व्यापक केला की शिक्षणसंस्थाही त्यात आल्या. आणि १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा कामगार नव्हे. या व्याख्यांवरचे वाद पुढेही चालू राहिले. मी त्याला म्हटले, "गड्या, इंजिनिअर ही पदवी झाली. महिनाअखेर पगारासाठी कोणाच्या दारात उभा राहतोस, त्यावरून तू कोण ते ठरते." त्याचे प्रकरण पुढे वाटाघाटीत मिटले आणि खाड्याचा महिना बंद झाला. नोकरी मात्र करारावरचीच राहिली. पुरे यश म्हणावे असे ते नव्हते.

मार्टिनची कारकीर्द आणि या तरुणाची नोकरी या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. दोघांचे कसब एका जातीचे. दोघेही शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामधल्या वाटेची डागडुजी करणारे. एकाला आपल्या कामाच्या भवितव्याविषयी बोलण्याचा हक्क मिळवता आला, दुसऱ्याला महिन्याच्या भाकरीविषयीही बोलण्याची भीती. खुल्या यंत्रणेचा गौरव करणाऱ्या संस्थेने ती चालवणाऱ्या माणसाला अकरा महिन्यांवर ठेवावे, हे मला खपत नाही. पाणवठा सर्वांचा, पण रहाट ओढणारा वेठीचा, असे गाव आपण चांगले म्हणू का?

तेव्हा या सभेतील पालकांना, प्राध्यापकांना आणि संस्थांच्या विश्वस्तांना माझे चार गोष्टींचे मागणे आहे. कॉलेज नवी यंत्रणा घेत असेल तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. उद्या ही सोडायची झाली तर आमचे धडे आणि मुलांचे गुण बाहेर कसे काढता येतील, ते आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. दुसरे, शिक्षकाचे ध्वनिचित्रित व्याख्यान त्याच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून पुन्हा लावू नये, असे नेमणुकीच्या पत्रात घाला. तिसरे, यंत्रणेत होणारी नोंद कोण पाहतो आणि कशासाठी, हे विद्यार्थ्यांना व शिक्षकांना आधी सांगा. आणि चौथे, ही यंत्रणा ज्याच्या रात्रपाळीवर उभी आहे त्याला कायम करा. पहिल्या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. चौथीला लागतो, पण परीक्षेच्या रात्री तो माणूस निघून गेला तर काय लागेल, याचा हिशेब विश्वस्तांनीच करावा.

आपल्याकडे कसेल त्याची जमीन ही मागणी रुजायला दोन पिढ्या लागल्या. जो शिकवतो, जो शिकतो आणि जो ती वाट दुरुस्त ठेवतो, त्या तिघांचा मिळून फळा, ही मागणी त्याहून अवघड नाही. कागद कसा लिहायचा ते मूडलने दाखवले आहे, आणि करारात कलम कसे घालायचे ते यॉर्कच्या प्राध्यापकांनी. आपण ते वाचून आपल्या गावच्या कॉलेजात मागायचे, एवढेच उरले आहे.